रोबोट स्पर्धा: ठरलेलं किट की मोकळं रान?

फळा_आणि_खडू

नमस्कार मंडळी,

सिन्नर तालुक्यातल्या काही शाळा मिळून दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवी ते दहावीच्या मुलांसाठी रोबोट स्पर्धा घ्यायचं चाललंय. खेळ आमचाच. मैदानात विखुरलेले टेनिसचे चेंडू म्हणजे कांदे, कडेला ठेवलेली आपापली जाळीची पेटी म्हणजे चाळ. तीन मिनिटांत जास्तीत जास्त कांदा चाळीत भरायचा. निळा रंग दिलेले चेंडू म्हणजे भिजलेला माल, तो आत गेला की गुण वजा.

खेळावर सगळ्यांचं एकमत आहे. वाद पेटलाय तो साहित्यावरून. एका विक्रेत्याने साडेसात हजारांचं किट सवलतीत देऊ केलंय: चेसिस म्हणजे सांगाडा, चार मोटर, बोर्ड, सेन्सर, सगळं आलं त्यात. निम्मी समिती म्हणते, हेच किट सगळ्यांना सक्तीचं करा म्हणजे कोणाची तक्रार नको. बाकीचे म्हणतात, मग मुलं डिझाइन कशाचं करणार, स्क्रूच्या रंगाचं? दोन-तीन शाळांत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) आहे, उरलेल्यांकडे विज्ञानाचं एक कपाट आणि त्याची किल्ली मुख्याध्यापकांकडे.

नियमावली लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. इथे रोबोकॉन (कॉलेजांची), एफआरसी (अमेरिकेतली, हायस्कूलची) वगैरे रोबोट स्पर्धा केलेली मंडळी आहेत हे माहीत आहे. अनुभवाचे बोल हवेत.

पाना_नं_१३

किट अजिबात नको. एका वाक्यात उत्तर दिलं, आता पुढचं वाचा.

मी रोबोकॉनवाला. आमच्या वेळी देशपातळीवरची फेरी पुण्यातच, बालेवाडीला व्हायची. नियमपुस्तकात काय असायचं? रोबोटांचं मिळून वजन ५० किलोच्या आत, वीज २४ व्होल्टच्या आत, हवेचा दाब सहा बारच्या आत, सुरुवातीच्या चौकटीत मावलं पाहिजे. झालं. कोणती मोटर, कोणाचा बोर्ड, काही नाही. त्यामुळे आम्ही तपकीर गल्लीतून बोर्ड आणायचो, भोसरीतून ॲल्युमिनियमचे सेक्शन कापून आणायचो आणि मोटर जुन्या बाजारातून, गाडीच्या वायपरची.

किट दिलं की काय हरवतं ते सांगतो. जॉन्सन मोटरच्या शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, चाक बसवलं की ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) आवळायचा असतो. जोर लागला की तो गोल शाफ्टवर घसरतो, चाक जागेवर आणि मोटर आपली फिरतेय. मग पोरं तो आणखी आवळतात, ॲलन कीचे कोपरे गोल होतात, स्क्रू आत अडकतो. शेवटी कोणीतरी जाणता सांगतो की बाबा, शाफ्ट व्हाइसमध्ये धर, कानशीने एका बाजूने सपाट कर आणि स्क्रू बरोबर त्या सपाटीवर येऊ दे. ते केलं की टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, म्हणजे काय हे पुस्तक न उघडता कळतं. किटमध्ये हे कारखान्यातूनच करून येतं. पोरांना वाटतं चाक असंच बसतं.

हिशोबनीस

पानासाहेब, कानशीचं ठीक आहे. पण ती व्हाइस कोणाच्या घरी आहे?

मोकळं रान म्हणजे ज्याच्या बापाचा वर्कशॉप त्याचं रान. सिन्नरला एमआयडीसी आहे, म्हणजे एक-दोन संघांच्या मागे लेझर कटिंग, पावडर कोटिंग असलेले पालक उभे राहणार. त्यांचा रोबोट चकचकीत येणार आणि वडांगळीकडची पोरं फळीवर मोटर बांधून आणणार. परीक्षक कितीही म्हणोत की आम्ही दिसण्याला गुण देत नाही.

किट सक्तीचं करा. निदान सुरुवात एका रेषेवरून होईल.

सोल्डर_आणि_चहा

हिशोबनीस यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत. उदाहरण मुंबईतलंच आहे. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्रची स्पर्धा २०१२ पासून चालू आहे. सुरुवातीच्या वर्षांत निवडलेल्या संघांना फायरबर्ड ५ रोबोट घरपोच यायचा, एटीमेगा २५६० चिपवाला. पैसे घ्यायचे नाहीत. सगळ्यांकडे तोच रोबोट, तेच सेन्सर, तीच चाकं. फरक पडायचा तो डोक्यातून: कोण रेषा बिनचूक पकडतो, कोण बॅटरी उतरल्यावर बदलणारे सेन्सरचे आकडे सांभाळून घेतो.

आमचं कॉलेज आडगावचं. वर्कशॉप होतं पण त्यात लेथ फक्त जर्नल भरण्यापुरतं चालायचं. मोकळी स्पर्धा असती तर आम्ही अर्जच केला नसता. ठरलेल्या किटमुळे आम्हाला दार उघडलं.

म्हणून प्रश्न असा की मुलांनी शिकायचं काय? कोड शिकवायचा असेल तर यंत्र सारखं ठेवा. यंत्र शिकवायचं असेल तर मग मोकळीक. दोन्ही एकाच स्पर्धेत कोंबायला गेलात तर धड एकही होत नाही.

पाना_नं_१३

त्यांनी किट फुकट दिलं, हे विसरू नका. इथे साडेसात हजार शाळेने भरायचेत.

डेट्रॉइटकर

धागा आवडीचा. मी मिशिगनमध्ये एका हायस्कूलच्या एफआरसी संघाला मदत करतो, त्यामुळे हा वाद दर हिवाळ्यात ऐकतो. जरा लांबण लागेल.

एफआरसी भरवणारी फर्स्ट ही संस्था डीन केमन यांनी १९८९ मध्ये काढली आणि पहिली स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या मँचेस्टरला एका शाळेच्या जिममध्ये झाली, २८ संघ. मूळ कल्पनेचा एक धागा एमआयटीत होता. तिथे वुडी फ्लॉवर्स यांचा एक अभ्यासक्रम गाजलेला होता: प्रत्येक विद्यार्थ्याला सारख्याच सटरफटर वस्तूंची पिशवी द्यायची, त्यातून यंत्र बनवायचं आणि सत्राअखेर सगळ्यांसमोर झुंजवायचं. फर्स्टने तेच शाळेत आणलं. सुरुवातीची वर्षं संघाला मिळालेल्या पेटीतलंच साहित्य आणि बाहेरचं अगदी मोजकं, एवढ्यावर भागवावं लागे.

पुढे दार हळूहळू उघडत गेलं. आज एफआरसीत सक्तीचं काय उरलंय? कंट्रोलर एकच (२०१५ पासून रोबोरिओ, २०२७ पासून त्याच्या जागी सिस्टमकोर येतोय), बॅटरी एकच १२ व्होल्टची शिसे-आम्लाची, मेन ब्रेकर १२० अँपियरचा, आणि मोटर ठरलेल्या यादीतल्या. याच्या बाहेर सांगाडा, चाकं, हात, काय वाटेल ते. ही सक्ती जिथे आहे तिथे तिला कारण आहे. सामना संपला की मैदानाच्या यंत्रणेला सहाच्या सहा रोबोट एका फटक्यात बंद करता आले पाहिजेत. पन्नास किलोचं धूड कोणाच्या घरगुती रेडिओवर चालत असेल तर मी मैदानाजवळ उभा राहणार नाही.

आता मजा ऐका. २००९ चा खेळ होता 'लुनसी'. माणूस चंद्रावर उतरल्याला ४० वर्षं होत होती म्हणून मैदानावर गुळगुळीत प्लॅस्टिकचे पत्रे टाकले, आणि सगळ्यांना एकच कडक, घसरटं चाक सक्तीचं केलं. चाक घासायचं नाही, खाचा पाडायच्या नाहीत, त्यावर काही चिकटवायचं नाही. घर्षण गुणांक ०.०६ च्या आसपास. हिशोब करून बघा: सगळं वजन चालत्या चाकांवर असलं तरी रोबोट सुटल्यावर पहिल्या सेकंदात जेमतेम एक फूट सरकतो. त्यात प्रत्येक रोबोटच्या मागे एक ट्रेलर जोडलेला, आणि प्रतिस्पर्ध्यांनी तुमच्या ट्रेलरमध्ये चेंडू टाकले की गुण त्यांचे. म्हणजे पळावं तर धड पळता येत नाही आणि थांबावं तर शेपटी उघडी.

लोकांनी बोटं मोडली. चाकासारखी मूळ गोष्ट ठरवून देता, मग डिझाइन कसलं? पण त्या वर्षी मोठी मोटर लावून काही फायदाच नव्हता. चाक नुसतं गरगरायचं. मग संघ वजनाची वाटणी करायला बसले, चाक घसरायला लागलं की मोटरचा जोर आपोआप कमी करणारे प्रोग्रॅम लिहायला लागले. काहींनी चेंडू एकेक करून नेमाने फेकणारे रोबोट केले, काहींनी साठवून एकदम ओतणारे. एक भाग सक्तीचा झाला आणि विचार मात्र दहा दिशांना गेला.

उलट टोक म्हणजे आजचं स्वर्व्ह. चारही चाकं स्वतंत्रपणे वळणारी, प्रत्येकाला दोन मोटर, एक चालवायला, एक वळवायला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हे बनवणारे संघ बोटावर मोजण्याइतके होते आणि त्यांच्यामागे भारी मशीनशॉप असायचं. आता तयार मॉड्यूल विकत मिळतं. चार मॉड्यूल, आठ मोटर धरून हिशोब सहज तीन हजार डॉलरच्या घरात जातो. नियमाने कोणीच सांगितलं नाही की हेच घ्या. पूर्ण मोकळीक आहे. आणि तरी मोठ्या स्पर्धेत पिटमधून (संघ रोबोट दुरुस्त करतात त्या जागेतून) फिरलात तर खालचा भाग सगळ्यांचा सारखा, वर कोणता हात बसवलाय एवढाच काय तो फरक.

त्यामुळे 'सक्ती = साचेबद्ध, मोकळीक = कल्पकता' हे समीकरण मला पटत नाही.

वाचनमात्र

दंडवत. पहिल्या सेकंदात एक फूट! आमची एसटी घाटात याहून बरी सुटते.

रिव्हेटराणी

डेट्रॉइटकर काका, लुनसीबद्दल पहिल्यांदाच ऐकलं, भारी आहे. पण मला वाटतं तुम्ही निष्कर्ष घाईने काढताय.

मी मुंबईत व्हेक्स (त्याच कंपनीच्या भागांतून रोबोट करायची शाळकरी स्पर्धा) खेळले आहे, आता कॉलेजात आहे. व्हेक्समध्ये तुमच्यापेक्षा खूप कडक नियम. धातूचे भाग फक्त व्हेक्सचे. तोच अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोकं असलेला सी-चॅनल, म्हणजे सी आकाराची पट्टी. मोटर त्यांच्याच, आणि हल्ली सगळ्या मिळून ८८ वॉटच्या आत. आमच्या वेळी बाहेरचं प्लॅस्टिक किती, तर १२ बाय २४ इंचाच्या एका पत्र्यातून निघेल एवढं, तेही ०.०७ इंचापेक्षा जाड नको. आम्ही त्या पत्र्याचा नकाशा आधी वर्तमानपत्रावर कापायचो, म्हणजे एक तुकडा वाया जाऊ नये. तर तुमच्या हिशोबाने इथे कल्पकतेचा पूर यायला हवा.

२०१९-२० चा 'टॉवर टेकओव्हर' बघा. क्यूब रचायचे होते. सुरुवातीला वेगवेगळे रोबोट होते. मग कोणीतरी तिरका ट्रे केला: खालून रोलर क्यूब ओढून घेतात, ते ट्रेवर एकामागे एक चढतात, मग अख्खा ट्रे उभा करून थप्पी जमिनीवर सोडायची आणि मागे सरकायचं. त्याचे व्हिडिओ आले. काही महिन्यांत जिकडेतिकडे ट्रेबॉट! भाग सक्तीचे, आणि तरीही सगळे सारखे.

म्हणजे सारखेपणा भागांमुळे येत नाही. खेळाला एकच उत्तम उत्तर असलं की येतो, आणि यूट्यूबमुळे लवकर येतो. तुमच्याकडे तीन दिवसांत रोबोट बनवून दाखवणारे गट आहेतच की, खेळ जाहीर झाला की चौथ्या दिवशी व्हिडिओ हजर. लुनसीत विविधता आली ती चाकामुळे नाही. तो खेळच विचित्र होता म्हणून आली.

आणि स्वर्व्हबद्दल म्हणाल, तर विकतचं असलं म्हणून पोरं काही शिकत नाहीत असं थोडंच आहे? चार चाकांचे कोन आणि वेग एकाच वेळी काढायचे म्हणजे व्हेक्टर आले, सेन्सर शून्यावर आणणं आलं, एक चाक तिरकं बसलं की रोबोट नाचतो ते शोधणं आलं. गिअर स्वतः कापला तरच इंजिनिअरिंग, हा पुणेरी हट्ट आहे 😄

पाना_नं_१३

मी मूळचा इचलकरंजीचा. हट्ट मात्र मान्य.

डेट्रॉइटकर

रिव्हेटराणी, ट्रेबॉटचा मुद्दा बिनतोड. खेळाचं वजन जास्त हे खरं. एकच भर घालतो.

एफआरसीतला नवखा संघ घ्या. नोंदणीलाच सहा हजार डॉलरच्या आसपास जातात. त्यांना पूर्ण मोकळीक दिली तर पहिल्या सामन्यात रोबोट हलतच नाही. यासाठी टेक्सासचा रोबोनॉट्स हा दिग्गज संघ दरवर्षी 'एव्हरीबॉट' नावाचा साधा, स्वस्त रोबोट करून त्याचे आराखडे सगळ्यांना फुकट देतो. कोणावर सक्ती नाही. ज्याला घ्यायचा तो घेतो, ज्याला त्यात बदल करायचे तो करतो. नवख्याला पायरी मिळते आणि अनुभवी संघाचे हात बांधले जात नाहीत. मास्तर, तुम्हाला तो विक्रेत्याचा संच वापरायचाच असेल तर असा वापरा. सक्तीचा करू नका, नमुना म्हणून ठेवा.

दुसरं, मधला मार्ग एफटीसीत सापडतो. ही फर्स्टचीच धाकटी स्पर्धा. २००८ नंतर काही वर्षं त्यात ठरलेल्या कंपन्यांचेच सांगाडे चालायचे. नंतर ते खुलं केलं, पण एक सुंदर अट ठेवून: बाजारातून आणलेल्या तयार यंत्राला हालचाल एकाच प्रकारची असावी. सरकणारी पट्टी विकत आणा, चालेल. गिअरबॉक्स आणा, चालेल. पण सरकून पुन्हा वळणारा, पकडणारा अख्खा तयार हात आणलात तर नाही चालणार. जोडणी तुमची तुम्ही करायची. यात कंपनीचं नाव येत नाही, यादी दरवर्षी बदलावी लागत नाही, आणि डिझाइनचा गाभा मुलांकडेच राहतो.

हिशोबनीस

ही अट आवडली. मी किटच्या बाजूने होतो, पण विक्रेत्याचं नाव नियमात लिहायला माझाही विरोध आहे, कारण वेगळं आहे.

एकाच कंपनीचा भाग सक्तीचा केला की दोर त्या कंपनीच्या हातात जातो. लेगोने माइंडस्टॉर्म्स ही रोबोट किटची मालिका २०२२ च्या अखेरीस बंद केली, त्यातला ईव्ही३ संच त्याच्या आधीच गेला होता. आपल्याकडे किती शाळांनी त्यावर बजेट खर्च केलं असेल! त्यातल्या कंट्रोलरच्या विटा चालतात अजून, पण एक मोटर गेली की शोधाशोध. आणि परदेशी भाग असला की सीमाशुल्क, कुरिअर आणि 'साहेब, माल अजून क्लिअर व्हायचाय'. आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या संघाची मोटर स्पर्धा संपल्यावर घरी पोचली. आता ती शोकेसमध्ये आहे.

तर कंपनी नको, किंमत ठरवा. अमुक रुपयांच्या आत रोबोट. बिलं जोडा.

सोल्डर_आणि_चहा

किंमतीची मर्यादा ऐकायला छान. पण पानासाहेबांची जुन्या बाजारातली वायपर मोटर कितीला धरायची? बिल कुठलं? आणि बापाच्या वर्कशॉपातलं लेझर कटिंग 'फुकट' दाखवलं तर?

पाना_नं_१३

मी घासाघीस करून दीडशेला आणली तर दीडशेच धरणार. माझं कौशल्य आहे ते.

हिशोबनीस

मग मी म्हणेन माझ्या काकांनी सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनात वळणारी) भेट दिली, किंमत शून्य.

डेट्रॉइटकर

एफआरसीत खर्चाचा तक्ता लागायचा तेव्हा यावर नियम होता: वस्तू भेट मिळाली, सवलतीत मिळाली, तरी बाजारात जो योग्य भाव असेल तोच धरायचा. कंपनीने फुकट कापून दिलेल्या भागाचीही किंमत लावायची. त्यामुळे काकांची सर्वो पूर्ण भावाने मोजली जायची. पुढे तो तक्ता बंद झाला. तपासणाऱ्यांचा वेळ त्यात जाई आणि खोटं पकडणं अवघड. हल्ली एका वस्तूच्या किंमतीवर मर्यादा आहे, ती दुकानाच्या संकेतस्थळावर बघून कोणालाही तपासता येते.

सिन्नरला हे अख्खं नका आणू. एवढ्या शाळांची बिलं तपासायला तुम्हाला सीए लागेल.

रिव्हेटराणी

+१. शिवाय बिलांच्या नियमाचा फटका कोणाला बसतो माहितीये? कागद नीट न ठेवणाऱ्या संघाला. म्हणजे परत छोट्या शाळेलाच.

व्हेक्सचा वॉटवाला नियम मला म्हणूनच आवडतो. मोटरवर लिहिलेलं असतं, बेरीज करायची, संपलं. पैसे असले म्हणून जास्त जोर विकत घेता येत नाही. रोबोकॉनमध्येही तेच नाही का? वजन, व्होल्ट, दाब. काटा आणि मीटर घेतला की पाच मिनिटांत निकाल.

पाना_नं_१३

हे बोललीस ते सोळा आणे. आणि रोबोकॉनमध्ये खरी गंमत नियमांपेक्षा प्रश्नात असते, हे तू वर म्हणालीसच. २०१६ ला बँकॉकच्या स्पर्धेत एका रोबोटला स्वतःची चालवणारी मोटर लावायचीच नाही अशी अट होती. फक्त वळवण्यापुरती एक. दुसऱ्या रोबोटने त्याला हात न लावता पुढे न्यायचा, वाऱ्याने म्हणा, चुंबकाने म्हणा. २०१९ ला मंगोलियात एका रोबोटला चाकं बंद, चार पायांवरच चालायचं. कोणती मोटर ते कोणी विचारलं नाही. पण चाक काढून घेतल्यावर पोरांनी पायाच्या जोडण्यांचे जे प्रकार काढले ते बघण्यासारखे होते.

आपल्याकडचे विषयही घ्या. २००८ ची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात झाली ती दहीहंडीवर. २०२२ ला दिल्लीत लगोरी. लगोरी फोडायची आणि परत रचायची, यात तयार किटचा काय उपयोग? पण मैदान बघून मुलाला प्रश्न लगेच समजतो, कारण तो गल्लीत खेळलेला असतो. मास्तर, तुमची कांदाचाळ याच जातीची आहे. तुमचा प्रश्न चांगला आहे, त्याला भागांच्या यादीने मारू नका.

सोल्डर_आणि_चहा

एक व्यावहारिक गोष्ट सुटतेय. बॅटरी.

सगळं मोकळं ठेवा, पण हे नाही. आठवीतली पोरं, ऑनलाइन घेतलेली स्वस्त लिथियम पॉलिमर बॅटरी, वर फ्यूज नाही, आणि टेबलावर पक्कड पडलेली. ती फुगली किंवा तिला भोक पडलं की आग लागते आणि पाण्याने पटकन विझत नाही. एफआरसीवाले एवढे मोकळे असून बॅटरीवर हटून आहेत ते उगाच नाही. १२ व्होल्टची, यूपीएसमध्ये असते तशी सात अँपियर-तासांची सीलबंद बॅटरी सक्तीची करा. सिन्नरच्या बाजारात मिळते, चार्जर मिळतो, जड असल्यामुळे वजनाची काळजी घ्यायलाही मुलं शिकतात. आणि बॅटरीपासून निघाल्या निघाल्या पहिला फ्यूज. फ्यूज नाही तर मैदानावर प्रवेश नाही. मागे एका शाळेत मी पाहिलंय, फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी होती.

वाचनमात्र

शाळेत सिगारेटचं पाकीट आलं कुठून?

सोल्डर_आणि_चहा

शिक्षक खोलीतून. पुढे विचारू नका.

फळा_आणि_खडू

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज बैठकीत तुमच्या प्रतिसादांचे छापील कागद घेऊन गेलो. वाद अर्थातच झाला, पण खालचा मसुदा बऱ्याच जणांना पटला. ठोकून बघा.

कोणत्याही कंपनीचं किट सक्तीचं नाही. विक्रेत्याचा संच आम्ही दोनच घेणार, शाळांनी येऊन बघायला आणि नवख्यांनी महिनाभर नेऊन शिकायला. त्यावर आधारलेला साधा, चालणारा रोबोट आमचे दोन शिक्षक करून ठेवतील, आराखडा सगळ्यांना देऊ. हवं त्याने जशाच्या तसा उतरवावा.

सक्ती तीनच. बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपियर-तासांची सीलबंद, लगेच फ्यूज, आणि वर मोठं लाल बटण, जे दाबलं की सगळं बंद. बटण कोणत्या बाजूला ते संघाने ठरवावं, पण परीक्षकाचा हात पोचला पाहिजे.

मोटर जास्तीत जास्त सहा, चाकं धरून. ब्रँड कोणताही. वॉटचा नियम मला आवडला होता, पण जुन्या बाजारातल्या मोटरवर काहीच लिहिलेलं नसतं असं आमच्यातल्या एकाने लक्षात आणून दिलं, म्हणून संख्याच ठेवली. वजन दहा किलोच्या आत, किराणा दुकानातला काटा चालेल. विकत आणलेल्या तयार यंत्राला एकाच प्रकारची हालचाल, हा डेट्रॉइटकरांचा नियम जसाच्या तसा. आणि वर्कशॉपवाल्या पालकांबद्दल: बाहेरून कापून आणायला बंदी नाही, पण तपासणीच्या वेळी मुलांनी तो भाग स्वतः काढून परत बसवून दाखवायचा आणि तो असाच का केला ते सांगायचं. यावर समितीत सगळ्यात जास्त वेळ गेला. एका सरांचं म्हणणं, मुलं पाठ करून येतील. येऊ देत. पाठ करायला तरी भाग हातात घ्यावा लागेल.

सुरुवातीचं माप ४५ सेंमीच्या खोक्यात.

पाना_नं_१३

सहा मोटरवर एक शंका. सर्वो मोटर धरायची का? धरली तर पकडीला दोन गेल्या, उरल्या चार, त्या चाकांना. मग चेंडू उचलणारा रोलर कशावर फिरवणार? पोरं तिथेच अडकतील. लहान सर्वो वेगळ्या मोजा, चारपर्यंत.

आणि माप ४५ सेंमी धरू नका. अठरा इंच म्हणजे ४५.७. एमआयडीसीत निम्मे लोक अजून इंचात कापतात, अठराची फ्रेम केलेली पोरं सात मिलिमीटरने बाद होतील आणि तुमच्या दारात रडतील. ४६ करा.

हिशोबनीस

उंचीचं काय? खोका बंद असणार की वरून उघडा?

फळा_आणि_खडू

सर्वोचं मान्य, चार वेगळ्या. माप ४६. उंची खेळ सुरू होताना ४६, नंतर कितीही. चाळीची कड दोन फुटांवर आहे, हात वर न्यावाच लागेल.

रिव्हेटराणी

'नंतर कितीही' नका लिहू सर. कोणीतरी पेटीवरून लांब काठी आडवी टाकून दुसऱ्याची चाळ झाकेल. मी झाकली असती. पसरल्यावरही समोरच्याच्या चाळीवर जायचं नाही, असं वेगळं कलम घाला.

पाना_नं_१३

हेच. आणि मापाचा खोका मी करून पाठवतो, एक इंची अँगलचा, वरून उघडा, वेल्डिंग करून. पुठ्ठ्याचा करू नका, दुपारपर्यंत फुगतो आणि मग मोठे रोबोट पण त्यात बसायला लागतात. पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवा.